ताकात्सुकीचा किल्लेदार : धन्यवादित जुस्टो ताकायामा उकोन

जपान देशाचे नाव निघाले म्हणजे वसई प्रांतातील ख्रिस्ती मनुष्यास प्रथम आपला संत गोन्सालो गार्सिया आठवतो, आणि ते साहजिकच आहे. वसईत जन्मलेला हा भूमिपुत्र तरुण वयात येशूसंघीय पाद्र्यांसमवेत जपानास गेला, तेथील भाषा त्याने आत्मसात केली, पुढे मनिला येथे तो फ्रान्सिस्कन संघात बंधू झाला, आणि 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीच्या टेकडीवर आपल्या 25 सोबत्यांसह त्याने क्रूसावर प्राणार्पण केले. हे चरित्र आमच्या वाचकांनी देवळात आणि घरी अनेकवार ऐकलेले आहे. परंतु ज्या जपानी ख्रिस्तमंडळीची सेवा करता करता गोन्सालोने देह ठेवला, त्या मंडळीचा एक मोठा आधारस्तंभ हाती तलवार घेतलेला सामुराई सरदार होता, ही गोष्ट आमच्याकडे थोड्यांसच ठाऊक असेल. त्या सरदाराचे नाव जुस्टो ताकायामा उकोन. धर्मग्रामाच्या या महोत्सवी स्मरणिकेत त्याची हकीकत सांगण्याचे आम्ही योजिले आहे. त्याच्या आयुष्यातील एका वेढ्याचा प्रसंग आम्ही इतर गोष्टींहून अधिक विस्ताराने सांगू. कारण आमच्या मते सगळा उकोन त्या चार दिवसांत दिसतो.

उकोनचा जन्म सन 1552 च्या सुमाराचा. संत फ्रान्सिस झेवियर जपानच्या किनाऱ्यावर उतरून त्या वेळी अवघी तीन वर्षे झाली होती. जपानात तेव्हा सम्राट नावापुरता उरला होता, आणि प्रांतोप्रांतीचे सरदार एकमेकांचे किल्ले घेण्यात गुंतले होते. उकोनचा बाप यामातो प्रांतातील सावा येथील किल्ला राखून होता. सन 1563 मध्ये नारा शहरी या नव्या परदेशी धर्माची परीक्षा घेण्याचे काम काही विद्वानांवर व सरदारांवर सोपविण्यात आले, त्यात हाही होता. धर्म खोटा ठरवून पाद्र्यांस हाकून द्यावे, असा एकंदर बेत होता. समोर वादास कोण उभे राहिले म्हणाल, तर एक जवळजवळ आंधळा जपानी मनुष्य, पूर्वी बिवा नावाचे तंतुवाद्य वाजवून गावोगाव पोट भरणारा. त्यास सन 1551 मध्ये खुद्द झेवियरने बाप्तिस्मा दिला होता आणि त्याचे नाव लोरेन्सो होते. त्या अंध बंधूचे बोलणे ऐकून परीक्षकच विद्यार्थी झाले. उकोनच्या बापाने फादर गास्पार व्हिलेला यांच्या हातून बाप्तिस्मा घेतला व दारियो हे नाव धारण केले. त्यानंतर लवकरच लोरेन्सो सावा येथे गेला आणि किल्ल्यावरील घरची मंडळी ख्रिस्ती झाली. त्यांत बारा वर्षांच्या आतबाहेरचा उकोन होता. त्यास जुस्टो, म्हणजे न्यायी, हे नाव मिळाले.

पुढे बापलेक ताकात्सुकी येथील सरदार वादा कोरेमासा याच्या पदरी राहिले. हा वादा स्वतः ख्रिस्ती नसूनही पाद्र्यांचा मोठा कैवारी होता. सन 1571 मध्ये तो लढाईत पडला, आणि त्याच्या तरुण मुलास या बलिष्ठ बापलेकांचा संशय येऊ लागला. सन 1573 मध्ये एका रात्री किल्ल्यातच उभयपक्षी तलवारी उपसल्या गेल्या. दिवा विझला, आणि त्या अंधारात उकोनच्या मानेवर असा खोल वार बसला की तो वाचेल अशी कोणासही आशा नव्हती. उकोन वाचला, वादाचा मुलगा जखमांनी मेला. सेत्सु प्रांताचा मुख्य सरदार आराकी मुराशिगे याच्या संमतीने ताकात्सुकीचा किल्ला ताकायामा घराण्याकडे आला. उकोनचे हे वैभव ज्या रीतीने आले ती रीत त्या काळास शोभणारी होती, ख्रिस्ती मनुष्यास शोभणारी होती असे आम्ही म्हणणार नाही. तथापि त्या जखमेच्या दुखण्यातून उठलेला उकोन पूर्वीचा राहिला नव्हता, असे त्याचे चरित्रकार एकमुखाने सांगतात. लहानपणी बापाच्या मागोमाग घेतलेला बाप्तिस्मा त्या अंथरुणावर त्याने जणू पुन्हा, आपल्या मनाने घेतला.

दारियोने कारभार मुलाच्या हाती दिला व स्वतः दीनदुबळ्यांच्या सेवेत लक्ष घातले. ताकात्सुकीत देऊळ बांधले गेले. एके प्रसंगी एक गरीब ख्रिस्ती मनुष्य मेला असता त्याची तिरडी दारियो व उकोन या पितापुत्रांनी आपल्या खांद्यावर वाहिली. प्रेत वाहणे हे त्या देशात अगदी हलक्या मानलेल्या लोकांचे काम असे. आमच्या वाचकांस त्याचा अर्थ फोड करून सांगण्याची गरज नाही. राजधानी क्योतो येथे सन 1576 मध्ये स्वर्गोन्नयनाच्या सणाच्या दिवशी नवे देऊळ उघडले गेले, त्यासही या घराण्याचा मोठा हातभार होता. एक गोष्ट मात्र झाकून ठेवणे आम्हास योग्य वाटत नाही. उकोनच्या मुलखात बौद्ध मठांची व जुन्या देवस्थानांची मोडतोड झाली, काहींची देवळे झाली, आणि तिचा दोष त्याच्या नावावर आजही मांडला जातो. ज्याच्या हाती सत्ता असते त्याच्या भक्तीस हा धोका नेहमीच लागून असतो.

आता तो वेढा. त्या समयी ओदा नोबुनागा हा मध्य जपानातील सर्वांत प्रबळ सत्ताधीश होता. आराकी मुराशिगे हा नोबुनागाचा अंकित आणि उकोन हा आराकीचा अंकित, अशी ही उतरंड होती. सन 1578 मध्ये आराकीने नोबुनागाविरुद्ध बंड करून त्याच्या शत्रूंशी संधान बांधले. ही वार्ता कानी येताच उकोन आपल्या धन्याकडे धावला आणि या मार्गाने सर्वनाश ओढवेल हे त्यास परोपरीने समजावू लागला. आपल्या सांगण्यात स्वार्थ वा दगा नाही हे पटविण्यासाठी त्याने आपली बहीण व आपला लहानगा मुलगा आराकीकडे ओलीस ठेवले. क्षणभर आराकीचे मन वळले. क्षमा मागण्यास तो निघालाही. पण नोबुनागा एकदा मनात धरलेला राग कधी सोडीत नाही असे त्याच्या लोकांनी वाटेत त्यास सांगितले, आणि तो मागे फिरला. बंड झाले ते झाले. उकोनचे पोर आरिओकाच्या किल्ल्यात अडकून पडले.

ताकात्सुकी हे ठिकाण क्योतो व ओसाका यांच्या मधल्या हमरस्त्यावरचे. ते घेतल्यावाचून नोबुनागास आराकीवर चालून जाणे सुखाचे नव्हते. वर्षाच्या अखेरीस, थंडी पडू लागली असता, त्याच्या फौजा किल्ल्यापुढे येऊन बसल्या. किल्ला मैदानातील, परंतु भोवती पाण्याचा खंदक आणि आत कसलेली शिबंदी होती. तो हल्ला करून घ्यायचा तर माणसे व दिवस फार खर्ची पडतील हे नोबुनागा जाणून होता, म्हणून त्याने दुसरीच कळ दाबली. क्योतोच्या देवळाचे प्रमुख फादर ओर्गान्तिनो यांस त्याने बोलावून घेतले आणि उकोनकडे जाण्यास फर्माविले. उकोन शरण आला तर पाद्र्यांनी हवे तेथे देऊळ बांधावे. न आला तर त्यांचा धर्म त्या मुलखातून नाहीसा केला जाईल आणि पाद्री जिवास मुकतील, असा तो सौदा होता.

उकोन त्या वेळी सव्वीस वर्षांचा होता. त्याच्यापुढील पेच वाचकांनी नीट ध्यानात घ्यावा. किल्ला लढवावा, तर सामुराई म्हणून धन्याशी इमान राहते, बहीण व मूल वाचते, आणि किल्ला टिकला तर विजयाचे यशही पदरी पडते. पण बाहेर पाद्र्यांचे व हजारो निरपराध ख्रिस्ती लोकांचे रक्त सांडते. किल्ला नोबुनागाच्या हवाली करावा, तर देवळे वाचतात, वर मोठे इनाम मिळते. पण ज्याचे अन्न खाल्ले त्या आराकीशी दगा होतो, आणि त्या दग्याची किंमत आरिओकात बसलेले लेकरू देते. शिवाय फादर ओर्गान्तिनो यांनीही त्यास समजावून ठेवले होते की आराकी हा स्वतःच आपल्या वरिष्ठ धन्याशी फितूर झालेला आहे, तेव्हा त्याच्या बंडात साथ देण्याचे बंधन उकोनवर नाही. न्याय तर या बाजूस होता. पण न्यायाने ओलीस सुटत नाहीत. दारियो तर हट्टास पेटला होता. नातवास आणि मुलीस मरणाच्या दारी लोटून मिळणारी कोणतीही गोष्ट त्यास नको होती, आणि आम्ही त्या म्हाताऱ्यास दोष देऊ शकत नाही. सरदारांतही दोन तट पडले होते. किल्ल्याच्या आत एक आणि बाहेर एक, असे दोन वेढे एकाच वेळी चालू होते.

उकोनने प्रार्थनेत वेळ घालविला, आणि ज्या निर्णयास तो आला तो त्याच्या सल्लागारांपैकी एकाच्याही मनात आला नसावा. ज्या दोन धन्यांमध्ये तो चिरडला जात होता, त्या दोघांनाही त्याच्याकडून एकच वस्तू हवी होती, ती म्हणजे ताकात्सुकीचा किल्लेदार. तेव्हा तो किल्लेदारच नाहीसा करावा, असे त्याने ठरविले. किल्ला, मुलूख, शिबंदी हे सारे त्याने बापाच्या स्वाधीन केले. आराकीकडून मिळालेले सर्व सोडून दिल्यावर त्याचे काही देणे उरत नाही, आणि नोबुनागास किल्ला देण्याचे पाप तर त्याने केलेच नाही. फादर ओर्गान्तिनो यांच्यासमवेत तो किल्ल्याबाहेर पडला. डोक्यावरील केसांची गाठ, जी सामुराईची खूण, ती त्याने कापून टाकली. तलवारी परत पाठविल्या. संसार सोडलेला मनुष्य घालतो तसे कागदाचे वस्त्र त्याच्या अंगावर होते. अशा वेषाने तो नोबुनागाच्या छावणीत गेला. देण्यास त्याच्यापाशी स्वतःच्या देहाखेरीज काही नव्हते, आणि उरलेले आयुष्य देवळाच्या सेवेत घालवावे एवढाच त्याचा मनोदय होता.

इकडे दारियोस ही गोष्ट कळताच तो तडक आरिओकास आराकीकडे गेला. मुलाच्या कृत्यात आपला हात नाही हे दाखवून नातवाच्या व मुलीच्या शेजारी स्वतः ओलीस म्हणून बसणे हाच त्याचा हेतू होता. म्हणजे बाप एका छावणीत गेला, मुलगा दुसऱ्या, आणि दोघेही निःशस्त्र. मागे राहिलेल्या शिबंदीने किल्ल्याचे दरवाजे उघडले. आराकीने ओलिसांस मारले नाही. ज्याने केस कापून जग सोडले त्याच्यावर सूड तरी कशाचा घ्यावा, असे त्यास वाटले असल्यास नवल नाही.

येथे गोष्ट संपली असती तर ती फार सुबक झाली असती. पण चरित्र लिहिणाऱ्यास ती सोय नसते. नोबुनागाने या कागदी वस्त्रातील तरुणास पाहून आनंदाने स्वतःच्या अंगावरचा अंगरखा व एक घोडा त्यास दिला, आणि ताकात्सुकीचा किल्ला पूर्वीपेक्षा अधिक मुलखासह पुन्हा त्याच्याच हाती ठेवला. उकोनने तो घेतला. संन्यास घेण्यास निघालेला मनुष्य पुन्हा किल्लेदार झाला, आणि ज्या आरिओकात आपले मूल होते त्याच आरिओकाभोवती आपल्या नव्या धन्याचा वेढा आवळला जाताना त्यास पाहावा लागला. सुमारे वर्षभराने आराकी आपले कुटुंब मागे टाकून किल्ल्यातून निसटला. किल्ला पडला, आणि नोबुनागाने आराकीच्या माणसांचा जो सूड घेतला तो वाचवत नाही. 100 हून अधिक स्त्रियांस वधस्तंभास बांधून ठार करण्यात आले, 500 हून अधिक चाकरमाणसांस घरांत कोंडून जाळण्यात आले, आणि आराकीच्या आप्तांची क्योतोत मस्तके उडविली गेली. दारियो, उकोनची बहीण व मुलगा या संहारातून वाचले. दारियोस एचिझेन प्रांती हद्दपारी मिळाली. खुद्द आराकी पुढे चहाच्या विधीचा जाणता म्हणून जगला व सन 1586 मध्ये वारला.

अशा नोबुनागाची चाकरी उकोनने का चालू ठेवली, हा प्रश्न आमच्या काही वाचकांच्या मनात येईल. आमच्याही मनात आला. त्याचे समाधानकारक उत्तर आम्हापाशी नाही. एवढे खरे की त्या चाकरीच्या छायेत ताकात्सुकीची ख्रिस्तमंडळी झपाट्याने वाढली. सन 1581 मध्ये पूर्वेकडील येशूसंघाचे पाहणी-अधिकारी फादर व्हालिन्यानो, जे गोव्याहून निघून जपानास गेले होते, त्यांनी ईस्टरचा सण ताकात्सुकीत साजरा केला, त्यास दूरदूरचे हजारो लोक लोटले. त्या काळच्या पाद्र्यांच्या पत्रांत उकोनच्या मुलखात सुमारे 18,000 ख्रिस्ती असल्याचे नमूद आहे.

सन 1582 मध्ये नोबुनागा त्याच्याच एका सरदाराच्या दग्याने मारला गेला. यामाझाकीच्या लढाईत उकोन आपल्या सुमारे 1,000 लोकांनिशी तोयोतोमी हिदेयोशीच्या आघाडीस लढला, आणि हिदेयोशी जपानचा सर्वाधिकारी झाल्यावर सन 1585 मध्ये उकोनला आकाशी येथे 60,000 कोकूची जहागीर मिळाली. कोकू म्हणजे एका मनुष्यास वर्षभर पुरेल इतका तांदूळ. त्यावरून या वैभवाचा अंदाज व्हावा. त्याच्या संगतीने गामो उजिसातो, कुरोदा योशिताका यांसारखे नामांकित सरदार ख्रिस्ती झाले. चहाचा थोर गुरू सेन नो रिक्यू याच्या निवडक शिष्यांत उकोनची गणना होत असे. चहाच्या त्या लहानशा खोलीत मूर्ती ठेवून तो एकांती प्रार्थना करीत असे, असे तेव्हाच्या पाद्र्यांनी लिहून ठेवले आहे.

सन 1587 च्या जुलैमध्ये क्युशू बेट जिंकून परतणाऱ्या हिदेयोशीने एकाएकी पाद्र्यांच्या हद्दपारीचा हुकूम काढला आणि उकोनला निरोप धाडला की धर्म सोड, नाहीतर जहागीर सोड. ताकात्सुकीत त्यास काही रात्री जागाव्या लागल्या होत्या. या वेळी विलंब लागला नाही. तेव्हा ओलीस होते, दुसऱ्यांचे प्राण होते. आता केवळ त्याचे स्वतःचे जाणार होते. आकाशी त्याने सोडून दिले. पदरच्या सामुराईंच्या कुटुंबांची जी अन्नान्नदशा झाली तिचे दुःख त्यास फार लागले. ख्रिस्ती सरदार कोनिशी युकिनागा याने त्यास काही काळ शोदोशिमा बेटावर लपविले. पुढे कानाझावाचा बलाढ्य सरदार मायेदा तोशिइए याने त्यास आश्रय दिला, आणि तेथे तो सुमारे 26 वर्षे राहिला. किल्ले बांधण्यातील त्याचे ज्ञान मायेदा घराण्यास फार उपयोगी पडले. कानाझावाच्या किल्ल्याच्या खंदकाचे काम त्याच्या देखरेखीखाली झाले. ज्याने स्वतःचे दोन किल्ले सोडले, तो परक्याचे किल्ले मजबूत करीत बसला. नागासाकीच्या हुतात्म्यांस, म्हणजे आमच्या गोन्सालोस व त्याच्या सोबत्यांस, धरण्यात आले तेव्हा मरणाच्या यादीत प्रथम उकोनचेही नाव होते व मागाहून ते वगळले गेले, असे इतिहासकार सांगतात. तो मात्र मरणाची तयारी करून बसला होता.

सन 1614 मध्ये तोकुगावा इएयासु याने ख्रिस्ती धर्माचा सर्वत्र निषेध केला. उकोन साठीच्या घरात आला होता. फेब्रुवारीतील बर्फातून पत्नी जुस्टा, मुलगी लुसिया व नातवंडे यांसह तो कानाझावाहून पायी निघाला. त्या मार्गावर त्यास सोडविण्यास मित्र धावले असते, आणि ओसाकाच्या किल्ल्यात तर हिदेयोशीचा मुलगा इएयासुविरुद्ध मोठ्या युद्धाची तयारी करीतच होता. तेथे उकोनसारख्या सेनानीचे सोन्याने स्वागत झाले असते. त्याने तलवार धरली नाही. 8 नोव्हेंबर 1614 रोजी नागासाकीहून एका जुनाट, गच्च भरलेल्या जहाजातून 300 हून अधिक ख्रिस्ती हद्दपार झाले, त्यांत तो होता. जहाज गेले आणि थोड्याच दिवसांत ओसाकाचा वेढा सुरू झाला.

मनिला येथे ते डिसेंबरमध्ये पोहोचले. स्पॅनिश गव्हर्नराने तोफांची सलामी देऊन, एखाद्या विजयी सेनापतीचे करावे तसे या हद्दपार म्हाताऱ्याचे स्वागत केले व तनखा देऊ केला. कोणाची चाकरी करण्याचे बळ आता आपल्यात राहिले नाही, म्हणून तनखा घेण्याचा आपला हक्क नाही, असे म्हणून त्याने तो नाकारला. उष्ण हवा व प्रवासाचा शीण त्यास मानवला नाही. उतरल्यापासून सुमारे दीड महिन्यात, सन 1615 च्या फेब्रुवारीच्या आरंभी, तापाने त्याचा अंत झाला. येशूसंघाच्या देवळात त्यास लष्करी इतमामाने पुरण्यात आले आणि शहरातील देवळांतून कित्येक दिवस त्याच्यासाठी मिस्सा झाल्या.

हद्दपारीतील हालांनी आलेले मरण म्हणून पवित्र ख्रिस्तसभेने ते हौतात्म्य मानले, आणि 7 फेब्रुवारी 2017 रोजी ओसाका शहरी, हिदेयोशीने बांधलेल्या किल्ल्याच्या शेजारच्या सभागृहात, पोप फ्रान्सिस यांचे प्रतिनिधी कार्डिनल आन्जेलो अमातो यांनी त्यास धन्यवादित म्हणून घोषित केले. त्याचा स्मरणदिन 3 फेब्रुवारी हा आहे. त्यानंतर तिसऱ्याच दिवशी, 6 फेब्रुवारीस, नागासाकीच्या हुतात्म्यांचा सण येतो, आणि त्यांत आमचा गोन्सालो आहे.